तंजावरचं देऊळ ‘आपलं’ म्हणण्याआधी भिंती वाचा

दक्षिणेची टूर करून आलेल्या मराठी माणसाला विचारा, तंजावरला काय बघितलं, तर बहुतेक वेळा पहिलं उत्तर येतं की तिथं खूप मोठा मराठी शिलालेख आहे. मग दुसरं, की तिथं आपल्या भोसल्यांचं राज्य होतं. देऊळ कुणी बांधलं हे तिसऱ्या-चौथ्या नंबरावर, कधीकधी येतच नाही. आणि ग्रुपवर फोटो पडला की खाली ठरलेली कमेंट, ‘हे आपलंच आहे, तमिळ लोक सांगत नाहीत’. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आलं हा फॉरवर्ड पण त्याच्यासोबत येतोच, त्याला पुरावा काय हे अजून कुणी दाखवलेलं नाही तरी तो चालू आहे.

मला हे आता खटकायला लागलंय. तंजावरच्या देवळावर हक्क सांगणारे आपण एकटे नाही. तमिळ अस्मितावाले म्हणतात हे तमिळांचं आणि संस्कृत नंतर घुसडलं, परंपरावाले म्हणतात हे आगमाचं, म्हणजे पूजाविधीच्या संस्कृत ग्रंथांप्रमाणे चालणारं, म्हणून इथं संस्कृतच चालणार. प्रत्येक जण आपल्याला पाहिजे तेवढी भिंत दाखवतो आणि बाकीची सोडून देतो. आणि या भांडणात आपण मराठी लोकांनी कुणाच्या बाजूनं उभं राहावं याबद्दल माझं एक मत आहे, ते बऱ्याच जणांना आवडणार नाही: तमिळला त्या देवळात आत गाभाऱ्याजवळ मानाची जागा असली पाहिजे, आणि हे सांगायला ज्ञानोबा-तुकोबांचं नाव घेणाऱ्यांनी पुढं यायला पाहिजे.

आधी देवळाबद्दल थोडं. ते बांधलं राजराज चोळ पहिला यानं, गादीवर 985 ते 1014. त्याच्या कारकिर्दीच्या पंचविसाव्या वर्षाच्या 275 व्या दिवशी त्यानं विमानावर, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखरावर, बसवायला सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा कळस दिला, तसं शिलालेखातच आहे, म्हणजे 1010 साल. त्या वेळी देवळाचं नाव राजराजेश्वरम, तमिळमध्ये आज पेरुवुडैयार कोविल म्हणतात, बृहदीश्वर हे नाव नंतरचं. विमान साधारण दोनशे फूट उंच, सगळं ग्रॅनाइटमध्ये, आणि तंजावर म्हणजे कावेरीच्या गाळाचा भातशेतीचा प्रदेश, तिथं असा दगड नाही, लांबून आणावा लागला. एवढंच पुरेसं भारी आहे. पण नाही, आपल्याला सावलीची गोष्ट पाहिजे. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही म्हणे. दुपारनंतर जाऊन उभे राहा, सावली पडते, लोक त्याच सावलीत बसून डबे खात असतात. वरचा 80 टनांचा एकच दगड हा पण तसलाच प्रकार, अभ्यासकांनी जवळून बघितलं तर तो भाग अनेक दगड जोडून केलेला आहे. मला कळत नाही, खरी गोष्ट एवढी मोठी असताना लोकांना खोटीची गरज का पडते.

खरी गोष्ट म्हणजे खालच्या भिंती. जोत्यावर, खांबांवर, ओवऱ्यांच्या भिंतींवर ओळीच्या ओळी कोरलेल्या आहेत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हुल्ट्झ या जर्मन अभ्यासकानं त्या वाचून छापायला सुरुवात केली. त्यात देवाची स्तुती कमी आणि हिशोब जास्त. राजराजानं हुकूम दिलाय की आम्ही दिलेलं, आमच्या अक्कानं दिलेलं, आमच्या बायकांनी दिलेलं आणि बाकी ज्यांनी ज्यांनी दिलं त्यांचं, सगळं दगडावर कोरा. अक्का म्हणजे मोठी बहीण कुंदवै, तिनं दिलेल्या सोन्याची, मूर्तींची यादी वजनासकट आहे. देवळाच्या मुख्य स्थपतीचं नाव आहे. शिंपी, न्हावी, परीट, सुतार, जोशी, हिशोबनीस, सगळ्यांचे वाटे लिहिलेत. राजाच्या बरोबरीनं न्हाव्याचा वाटा दगडावर हजार वर्षं टिकलाय, असं किती ठिकाणी बघायला मिळतं सांगा.

नंदादीपाचा हिशोब तर मला फार आवडतो. एक दिवा कायम तेवत ठेवायचा तर रोज ठरावीक माप तूप लागणार, त्यासाठी 96 मेंढ्या एका धनगराकडं सोपवायच्या आणि तूप त्यानं देवळात आणून घालायचं. या मेंढ्यांना शब्द काय वापरलाय, तर ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या’. म्हणजे चमत्कार नाही हो, कळपातली मेलेली-म्हातारी काढून नवीन घालत राहायचं, आकडा 96 चा कमी होता कामा नये. मूळ भांडवल कायम आणि व्याजावर दिवा, साधी एन्डोमेंट आहे ही, फक्त चार पायांची.

आणि मग त्या चारशे बायका. राजराजानं चोळ राज्यातल्या वेगवेगळ्या देवळांतून चारशे नर्तकी आणून इथं वसवल्या. भिंतीवर प्रत्येकीची नोंद आहे: कुठली गल्ली, कुठली बाजू, कितवं घर, कुठल्या देवळातून आली, नाव काय. प्रत्येकीला एक घर आणि एक वाटा, वाटा म्हणजे वर्षाला शंभर कलम (धान्याचं तिथलं माप) भात. त्यांना यायचं होतं का, आपलं गाव सोडताना काय वाटलं, याबद्दल भिंत अर्थातच एक अक्षर बोलत नाही, राजाचा हिशोब आहे तो. पण नाव आहे. अकराव्या शतकातल्या चारशे कामकरी बायकांची नावपत्त्यासकट यादी. कुठलाही गाईड ती दाखवत नाही कारण कुणी विचारत नाही, तमिळ टूरिस्ट राजराजाचं विचारतो, आपण मराठी शिलालेख कोरून घेणाऱ्या सरफोजी भोसल्यांचं विचारतो, आणि या चारशे जणी कुणाच्याच अस्मितेत बसत नाहीत.

आता ‘आपलं’ म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो. याच भिंतीवर सोन्याच्या फुलांची नोंद आहे, जी राजराजानं सत्याश्रयाला हरवून परत आल्यावर देवाच्या पायावर वाहिली. हा सत्याश्रय म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांचा राजा, ज्यांच्या ताब्यात आजचा उत्तर कर्नाटक आणि महाराष्ट्राचा बराचसा भाग होता. म्हणजे ‘आपला’ संबंध या देवळाशी मोजायचाच असेल तर तो 1803 च्या त्या मराठी शिलालेखापासून कशाला, थेट 1010 च्या आसपासच सुरू होतो, फक्त तेव्हा आपण हरलेल्या बाजूला होतो. धारवाडकडच्या होट्टूर गावात 1007 सालचा कन्नड शिलालेख आहे, त्यात चोळांची नऊ लाखांची फौज आली, देश लुटला, बायका-मुलं-ब्राह्मण मारले अशी तक्रार कोरलेली आहे. नऊ लाख हा आकडा फुगवलेला असणार, शिलालेखातले आकडे शत्रूच्या बाबतीत असेच असतात. पण तंजावरची सोन्याची फुलं आणि होट्टूरची तक्रार शेजारी ठेवून वाचली की वैभव येतं कुठून ते समजतं. हे मी तमिळ लोकांना खाली दाखवायला सांगत नाहीये, चेर आणि पांड्य हरवून आणलेलं सोनंही त्याच यादीत आहे, म्हणजे आजच्या केरळ आणि मदुरैकडचंसुद्धा. त्या काळातला कुठलाही मोठा राजा असाच होता. पण मग ‘आमच्या पूर्वजांचं’ म्हणताना कुठल्या पूर्वजांचं, लुटणाऱ्यांचं की लुटले गेलेल्यांचं, हा प्रश्न तमिळनाडूत राहणाऱ्यालाही पडायला हवा आणि सोलापुरातून बस करून जाणाऱ्यालाही.

आता भाषेचं. 5 फेब्रुवारी 2020 ला तिथं कुंभाभिषेक, म्हणजे कळसावर मंत्रानं पाणी घालून देऊळ पुन्हा शुद्ध करायचा सोहळा, झाला, 23 वर्षांनी. आधीचा 1997 चा, त्या वेळी यज्ञशाळेच्या मांडवाला आग लागून चाळीसहून जास्त माणसं गेली होती, त्यामुळे तंजावरात त्या सोहळ्याबद्दल एक धास्ती होतीच. पण 2020 मध्ये भांडण वेगळंच पेटलं, विधी तमिळमध्ये करायचे की संस्कृतमध्ये. एक बाजू म्हणाली पूर्ण तमिळमध्ये करा, दुसरी म्हणाली आगमाप्रमाणे संस्कृतच. प्रकरण मद्रास हायकोर्टाच्या मदुरै बेंचपुढं गेलं, राज्याच्या देवस्थान खात्यानं सांगितलं की दोन्ही भाषांत होईल, कोर्टानं ते मान्य केलं आणि दोन्हींत झालं.

बऱ्याच मराठी लोकांची यावरची प्रतिक्रिया मी वाचली तेव्हा ‘द्रविडी राजकारण देवळात घुसलं’ अशीच होती. राजकारण आहेच, नाही कोण म्हणतं. पण राजकारण आहे म्हणून मागणी खोटी होत नाही, आणि ही मागणी खोटी नाही याचा पुरावा परत त्याच भिंतीवर आहे. राजराजानं या देवळात तिरुप्पदियम म्हणजे तेवारमची, शिवाच्या स्तुतीची तमिळ पदं म्हणायला माणसं नेमली, 48 गाणारे आणि दोन वादक, मिळून पन्नास. प्रत्येकाला देवाच्या भांडारातून रोज तीन कुरुणी (हेही धान्याचं माप) भात. सगळ्यांची नावं आहेत. पुढचा नियम तर आजच्या ट्रस्टींनी फ्रेम करून लावावा असा: एखादा मेला किंवा गाव सोडून गेला तर त्याच्या जवळच्या नातेवाइकानं जागा घ्यावी, पण नातेवाइकाला गाता येत नसेल तर ज्याला येतं असा दुसरा माणूस त्यानं निवडावा. म्हणजे वंश आहे, पण काम येणं त्याच्या वर आहे. हजार वर्षांपूर्वी हे कळत होतं!

आणि तेवारमचीही एक कथा आहे, इतिहास म्हणून नाही, परंपरा सांगते म्हणून ऐका. अप्पर, संबंदर, सुंदरर या तिघा शैव संतांची पदं हरवल्यासारखी झाली होती, राजराजाला कळलं की ताडपत्रं चिदंबरमच्या देवळात एका बंद खोलीत आहेत. पुजारी म्हणाले, ज्या तिघांनी पदं लिहिली ते आले तरच दार उघडू. ते तिघं कधीच वारलेले. राजानं मग त्या तिघांच्या मूर्ती मिरवत आणल्या आणि म्हणाला, घ्या, आले. दार उघडलं तर बरीचशी ताडपत्रं वाळवीनं खाल्लेली. आता त्याच चिदंबरमला 2008 मध्ये गाभाऱ्यासमोरच्या चबुतऱ्यावर उभं राहून तेवारम म्हणायला सरकारी आदेश काढावा लागला, पोलीस बंदोबस्त लागला. बंद खोलीची कथा खरी असो नसो, तमिळ माणूस ती का विसरत नाही ते मात्र यातून समजतं.

पण तमिळवाल्यांनी पण भिंत अर्धीच वाचायची नाही. देवळाचं मूळ नाव राजराजेश्वरम, ते संस्कृतच. लेखांची सुरुवात ‘स्वस्ति श्री’नं. राजराजाच्या मुलाच्या, राजेंद्राच्या, काळातल्या एका लेखात सर्वशिव पंडित नावाच्या आचार्यांना आणि त्यांच्या शिष्यपरंपरेला वर्षाला दोन हजार कलम भात लावून दिलाय, आणि हे शिष्य कुठले तर आर्यदेश, मध्यदेश, गौडदेशातले. गौड म्हणजे बंगाल! म्हणजे चोळांना उत्तरेतले आचार्य आणि त्यांचं संस्कृत नको होतं, ते नंतर लादलं गेलं, हे काही पटत नाही. 2022 मध्ये तमिळनाडूत राजराज हिंदू होता की नव्हता यावर मोठा गोंधळ झाला, टीव्हीवर आठवडाभर तेच. त्यातल्या किती जणांनी हा लेख वाचला असेल देव जाणे.

तर भिंतीचं म्हणणं सरळ आहे, दोन्ही. मग मी तमिळच्या बाजूनं का बोलतोय? कारण दोन्ही असं म्हटलं तरी रोजच्या पूजेत दोन्ही सारखे नसतात. तमिळनाडूतल्या बहुतेक मोठ्या देवळांत संस्कृतात अर्चना होते, मग ती झाल्यावर ओदुवार, म्हणजे तेवारम गाणारा, बाहेरच्या बाजूला उभा राहून दोन-चार पदं म्हणतो, आणि ओदुवारची जागा रिकामी असली तर तेही नाही. ‘इथं तमिळमध्येही अर्चना केली जाईल’ अशी पाटी असते. त्या ‘ही’मध्ये सगळं आलं. भक्तानं मागितलं तर तमिळ, न मागता संस्कृत.

यावर परंपरावाल्यांचा मुद्दा असतो की मंत्र हा अर्थासाठी नसतो, नादासाठी असतो, त्याची भाषा बदलली की मंत्र राहत नाही. हा मुद्दा मला हसण्यावारी न्यायचा नाही, ज्याची श्रद्धा आहे त्याच्यासाठी तो खरा आहे. पण तेवारम हे काही संस्कृत मंत्रांचं भाषांतर नाही, ती स्वतंत्र पदं आहेत, सातव्या-आठव्या शतकातली, त्यांचा स्वतःचा पण् म्हणजे राग ठरलेला आहे, आणि ती म्हणायची सोय खुद्द देऊळ बांधणाऱ्यानं केली. संस्कृत काढून तिथं तमिळ बसवायचं कोण म्हणतंय? मूळच्या जागेवर परत आणा, एवढंच. आपल्याकडं पंढरपुरात आषाढीच्या महापूजेत संस्कृत सूक्तं असतात आणि काकड आरतीला मराठी असतं, कुणाला त्यात देवाचा अपमान वाटत नाही. 1290 मध्ये गीता मराठीत आणणाऱ्याचा आपण अभिमान बाळगतो, तुकोबांच्या वह्या बुडवल्या म्हणून चारशे वर्षांनीही हळहळतो, आणि तमिळ माणूस म्हणाला माझी भाषा देवाच्या जवळ पाहिजे की लगेच तो राजकारणी? हे काही बरोबर नाही.

आता आपल्या भोसल्यांकडं येऊ, कारण त्यांच्यावर पण अन्यायच होतोय, आपणच करतोय. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी 1670 च्या दशकात तंजावरात आले ते विजापूरचे सरदार म्हणून, आणि राहिले. त्यांच्या वंशानं 1855 पर्यंत गादी सांभाळली. त्यांच्या आधी तेलुगू बोलणारे नायक होते, देवळासमोरचा तो प्रचंड नंदी आणि मुरुगनचं, म्हणजे कार्तिकेयाचं, नाजूक देऊळ त्यांच्या काळातलं, देवीचं देऊळ त्याहून आधीचं, पांड्यांच्या वेळचं. म्हणजे भोसले आले तेव्हा देऊळ आधीच तीन राजवटींचं झालेलं. त्यांनी काय केलं? बदललं फार नाही, चालू ठेवलं, दुरुस्त्या केल्या, गणपतीचं देऊळ नीट केलं. स्वतः मराठी बोलत, मोडीत दफ्तर ठेवत, तेलुगू आणि तमिळ कवींना पोसत. सरस्वती महाल ग्रंथालयात जे मराठी, संस्कृत, तमिळ, तेलुगू सगळं एकत्र सापडतं ते बरंचसं त्यांच्यामुळे. आजही देवळाचे वंशपरंपरागत विश्वस्त भोसले घराण्यातलेच आहेत, तंजावर राजवाडा देवस्थानाच्या 88 देवळांपैकी हे एक. पुरातत्त्व खातं इमारत बघतं, राज्याचं देवस्थान खातं कारभार बघतं आणि भोसले विश्वस्त, असा हा तिहेरी संसार.

आणि तो शिलालेख, भोसले वंशचरित्र, डिसेंबर 1803. सरफोजी दुसऱ्यांच्या आज्ञेनं चिटणीस बाबूरायानं लिहिलेला. फोटो सगळे काढतात, वाचत कुणी नाही. पण तारीख बघा ना. 1799 च्या तहानं सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीला देऊन टाकला होता, त्यांच्याकडं किल्ला, आसपासचा थोडा भाग आणि तनखा उरला होता. त्यानंतर चार वर्षांनी हा माणूस आपल्या घराण्याची हकीकत, पार पुराणकाळापासून ते शहाजी-शिवाजी आणि स्वतःपर्यंत, देवळाच्या भिंतीवर कोरून घेतो. मला तरी त्यात विजयाची डरकाळी ऐकू येत नाही. सत्ता गेलेला, हुशार, पाश्चात्य विद्या शिकलेला राजा म्हणतोय, आम्ही होतो, विसरू नका. आणि ते कुठं म्हणतोय, तर आठशे वर्षांपूर्वी दुसऱ्या एका राजानं अक्काच्या सोन्यापासून मेंढ्यांपर्यंत सगळं लिहून ठेवलं त्याच आवारात, त्याच्या अक्षरांना धक्का न लावता. आपण तिथं घोषणा देऊन येतो तेव्हा सरफोजींना जे जमलं तेवढंही आपल्याला जमत नाही.

1931 मध्ये गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणा मार्गात अण्णामलै विद्यापीठाच्या एका प्राध्यापकांना दिसलं की नायक काळातल्या चित्रांखाली चोळ काळातली चित्रं आहेत. वरची खरवडली तर खालची दिसणार, पण वरची पण तीन-चारशे वर्षं जुनी. पुरातत्त्व खात्यानं पुढं वरचा थर अलगद सोडवून फायबरग्लासच्या फळ्यांवर चढवला, खालची चित्रं भिंतीवर राहिली, दोन्ही वाचली. सरकारी खात्याला शिव्या द्यायला आपण कायम तयार असतो, पण हे काम बघून गप्प बसावं लागतं. नाहीतर 1972 मध्ये राज्य सरकारला राजराजाचा पुतळा देवळात बसवायचा होता, केंद्रानं परवानगी दिली नाही, म्हणून तो आजही बाहेर रस्त्याकडं उभा आहे. ते पण एका अर्थी बरंच झालं, आत बसवला असता तर नंतरच्या प्रत्येक सरकारनं आपला एकेक आणून ठेवला असता.

कुंभाभिषेक साधारण बारा वर्षांनी करायचा प्रघात आहे, तो पाळला तर पुढचा 2032 च्या आसपास. तेव्हा परत याचिका पडणार, परत शेवटच्या आठवड्यात कोर्ट, परत ‘दोन्ही भाषांत करू’ असं तोंडी-लेखी आश्वासन आणि परत आपल्या ग्रुपवर द्रविडी राजकारण. त्याऐवजी देवस्थान खात्यानं आणि विश्वस्तांनी आत्ताच लिहून ठेवावं की यज्ञशाळेत, गाभाऱ्यापुढं आणि कळसावर ओदुवार असतील, मागितलं म्हणून नाही, नेमलेले म्हणून. सुरुवात पन्नास जागा भरण्यापासून करता येईल. पगार किती द्यायचा, निवड कशी करायची, कुणी सोडून गेलं तर काय, हे सगळं ठरवायला कमिटी नेमायची पण गरज नाही, ते भिंतीवर आहे. विश्वस्त भोसले आहेत, म्हणजे हा ठराव मांडायचा मान एका मराठी घराण्याकडं आहे.